शहरातल्या पोरांना 'परिसर' शिकवायचा तर सुरुवात कुठून करायची?

फळा_खडू
नमस्कार मंडळी. पुण्यात एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवते, अकरा वर्षं झाली. परिसर अभ्यासाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेच.

मध्यंतरी पाण्याचा पाठ चालू होता, सहज विचारलं की आपल्या नळाला पाणी येतं कुठून. टाकीतून. टाकीत कुठून? मोटर लावली की येतं. मोटरीत कुठून? मग जरा शांतता, मग कोणीतरी टँकर म्हणालं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, चावीवाले काका सोडतात. त्यातल्या त्यात तीच खऱ्याच्या जवळ होती. याच मुलांना 'धरणाचे उपयोग' चार मुद्द्यांत घडाघडा येतात. यातली निम्मी पोरं रविवारी आईबाबांबरोबर खडकवासल्याला जाऊन कणीस-भजी खाऊन आलीयेत, फोटो काढलेत, पण ते समोर पसरलेलं पाणी आणि आपल्या मोरीतला नळ एकमेकांना जोडलेले आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आमच्या शाळेच्या मागून आंबिल ओढा जातो. मुलं त्याला नाला म्हणतात, पालक गटार म्हणतात. नाव माहीत असलेलं वर्गात एकही मूल नव्हतं, आणि यातल्या काही घरांमध्ये २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याचं पाणी शिरलं होतं. म्हणजे घरात पूर माहितीये, त्या रात्रीच्या गोष्टी माहितीयेत, पण पाणी कुठून आलं, ओढा कुठे सुरू होतो, कुठे जातो काही नाही. परिसर म्हटलं की चित्रात डोंगर, झोपडी, नदी आणि दोन नारळाची झाडं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरासमोर नारळ नाही.

तर विचारायचंय असं की पहिली ते चौथीच्या शहरी मुलांना त्यांचा स्वतःचा परिसर, म्हणजे शाळेपासून पायी पंधरा मिनिटांतला, तुम्ही कसा शिकवता किंवा तुम्हाला कोणी कसा शिकवला? पोस्टर स्पर्धा आणि 'झाडे लावा झाडे जगवा' घोषणा सोडून सांगा. पालक, शिक्षक, कोणीही.

जुना_व्हॉल्व्ह
बाई, त्या मागच्या बाकावरच्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. पाणीपुरवठ्यात ३२ वर्षं काढली मी, आता रिटायर आहे. शहरातलं पाणी समजून घ्यायचं तर व्हॉल्व्हमनपासूनच सुरुवात करा. त्याला शाळेत बोलवा, हातातली ती लांब चावी घेऊन येऊ द्या, रस्त्यावरच्या एका चेंबरचं झाकण मुलांना लांब उभं करून उघडून दाखवू द्या. किती आटे फिरवले की कुठल्या गल्लीत पाणी जातं हे त्याच्या डोक्यात असतं.

वरची बाजू अशी. टेमघर, वरसगाव, पानशेत या तिन्हीचं पाणी खडकवासल्यात उतरतं. तिथून मोठ्या पाइपातून पर्वतीच्या जलकेंद्रात. तिथे गाळ खाली बसवायला तुरटी नाहीतर पॅक (तुरटीसारखंच काम करणारं एक रसायन), मग वाळूचे फिल्टर, मग क्लोरीन, मग उंचावरच्या टाक्या, आणि शेवटी तो व्हॉल्व्हमन. मुलांसमोर करायचं असेल तर पावसाळ्यात ओढ्याचं नको, मैदानातल्या डबक्याचं गढूळ पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरा, एकीत तुरटी फिरवा, एकीत नको. मधल्या सुट्टीपर्यंत फरक दिसतो. मुलं स्वतःच म्हणतील की वरचं पाणी पिऊ का, तेव्हा सांगायचं की नाही, दिसायला स्वच्छ आणि प्यायला स्वच्छ वेगळं, अजून क्लोरीन राहिलाय. क्लोरीन आहे का बघायला ओटी टेस्ट असते, नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळं होतं. ते औषध विषारी असतं, मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही, आरोग्य खात्याच्या माणसाकडून करून घ्या, मुलांनी नुसतं बघायचं.

आणखी एक आकडा देतो, गणिताच्या तासाला चालेल. ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरून योजना आखतात. १५ लिटरची बादली धरली तर ९ बादल्या. मुलांना घरी जाऊन मोजायला सांगा.

अबोली
मी पालक आहे, मुलगी दुसरीत. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझ्या मुलीला मागच्या वर्षी शाळेत एक वर्कशीट दिलं होतं, त्यात पृथ्वी रडतेय, नदी काळी झालीये, झाडं संपलीयेत, आणि खाली 'तू पृथ्वीसाठी काय करशील' असा प्रश्न. रात्री ही झोपेना. आई आपण मरणार का, पाणी संपणार का. सात वर्षांच्या पोरीने काय करायचंय पृथ्वीसाठी? नदीत ड्रेनेज तिने सोडलंय का? आणि आता ओढ्यावर न्यायचं म्हणताय, तिथे डास, काचा, वास. मला भीतीच वाटते. मुलांना आधी छान काहीतरी दाखवा ना, घाण बघायला आख्खं आयुष्य आहे.

गिरणगाव
अबोली ताई, वर्कशीटबद्दल १०० टक्के सहमत.

आमच्या शाळेत, परळला, एक सर होते. त्यांनी एकदा फळ्यावर नुसती नावं लिहिली. चिंचपोकळी, फणसवाडी, उंबरखाडी, वडाळा, ताडदेव. म्हणाले यातली झाडं शोधा. आम्ही तिसरीतली पोरं, रोज लोकलचे स्टेशन म्हणून जी नावं ऐकायचो त्यात चिंच आणि वड आहे हे तोपर्यंत कोणालाच ऐकू आलं नव्हतं! मग घरी आजोबांना विचारत सुटलो. नंतर बेटांचं सांगितलं त्यांनी, सात बेटं होती, मधली खाडी भरून जमीन केली, म्हणून पावसात काही ठिकाणी पाणी साचतं कारण ती मुळात पाण्याचीच जागा. हे मला चाळीस वर्षांनी अजून आठवतंय, बाकी तिसरीतलं काहीही आठवत नाही. पुण्यातही करता येईल की, चिंचवडमध्ये तर दोन झाडं एकाच नावात आहेत.

पेठकर
पुण्यात याहून सोपं आहे. बसच्या पाटीवर फडके हौद असतो, पण हौद म्हणजे पाण्याचा हौद हे किती मुलांना माहीत असेल? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शहरात आणलं, ठिकठिकाणी हौद बांधले, लोक तिथून घागरी भरून न्यायचे. मोटर नाही काही नाही, सगळं उतारावर. आणि ज्या ओढ्याबद्दल धागा सुरू झालाय त्या आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच वळवलाय, पूर्वी तो आताच्या पेठांमधून जायचा. सारसबागेत तर तळंच होतं, म्हणून तळ्यातला गणपती. मुलांना बागेत नेऊन त्या खोलगट जागेत उभं करायचं आणि विचारायचं की इथे पाणी होतं तर कुठून येत असेल, गेलं कुठे.

हे सगळं चौथीला झेपतं का, हा प्रश्न मला कधी पटला नाही. चौथीला शिवाजी महाराजांचा पूर्ण इतिहास झेपतो, मग गल्लीचा का नाही झेपणार?

नागनदी
नागपूरहून. आमच्याकडे उन्हाळा हाच परिसर आहे. मार्चपासून सकाळची शाळा, सुटल्यावर पोरं घरी जातात तेव्हा ऊन तापलेलं असतं. माझ्या बहिणीने तिच्या वर्गाकडून घर ते शाळा रस्त्याचा सावलीचा नकाशा करून घेतला. कुठे कडुनिंब, कुठे पिंपळ, कुठे नुसता सिमेंट रस्ता, कुठे पाणपोई. हात टेकवून बघायचं, भिंत किती तापलीये, झाडाच्या खोडाला लावून बघायचं. थर्मामीटर लागत नाही. त्यातून काही मुलांनी स्वतःचा यायचा रस्ताच बदलला, दोन मिनिटं लांब पण सावलीचा. मला तरी एवढं पुरे वाटतं.

फळा_खडू
किती सुंदर लिहिताय सगळे. अबोली ताई, राग कशाला मानू, तुमचं म्हणणं मला झोंबलं कारण तसली वर्कशीट मीही वाटलीयेत. ओढ्याच्या पात्रात मुलांना उतरवणार नाही, पुलावरून बघायचं, दोन पालक बरोबर, चौकशी करून, परवानगीच्या चिठ्ठ्या घेऊन. आनंददायी शनिवार आहे आता, दप्तर नसतं, त्या दिवशी जमतं.

पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे. मागच्या आठवड्यात ओढ्याबद्दल बोलत होतो, ओढा घाण का झाला असं मीच विचारलं (आता वाटतं तो प्रश्नच चुकीचा होता), तर एक मुलगा उठून म्हणाला, झोपडपट्टीमुळे. घरी ऐकलेलं असणार. आणि त्याच वर्गात ओढ्याकाठच्या वस्तीतली चौदा मुलं बसलेली. कोणी काही बोललं नाही. एक मुलगा खाली मान घालून खोडरबर कुरतडत राहिला. तो तास मी कसाबसा संपवला आणि घरी येईपर्यंत मला काही सुचत नव्हतं.

मग जुना_व्हॉल्व्ह काकांचं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी बादल्या मोजायला दिल्या. एक दिवस, घरात जेवढं पाणी लागतं तेवढं मोजायचं, बादली, हंडा, घागर, शॉवर असेल तर किती मिनिटं, वॉशिंग मशीन किती वेळा, फ्लश किती वेळा. नाव घालायचं नाही, नुसता कागद. सगळे कागद फळ्यावर लावले. सार्वजनिक नळावरून भरणाऱ्या घरांचे कागद लगेच कळत होते, कारण तिथे हंडे अगदी नेमके मोजलेले होते, सात म्हणजे सात, कारण ते उचलून आणावे लागतात. काही बिल्डिंगमधल्या मुलांनी लिहिलं होतं 'मोजता आलं नाही, चालूच होतं'. मग मी विचारलं, जे पाणी घरात आलं ते पुढे कुठे गेलं? एका मुलीने हळूच सांगितलं, मोरीतून ओढ्यात, नदीत. कोणाच्या घरातून जास्त गेलं? कोणीच मोठ्याने उत्तर दिलं नाही पण सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. खोडरबरवाल्या मुलाने मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं, बाई माझा कागद तो तिसरा.

बिल्डिंगमधल्या मुलांना अपराधी वाटावं असं मला मुळीच नको होतं, म्हणून लगेच पुढे नेलं की मोरीतलं पाणी आधी ड्रेनेजच्या नळात जातं, तिथून मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जायला हवं, ते केंद्र मोठ्या माणसांनी बांधायचं असतं आणि चालवायचं असतं. ते मुलांचं काम नाही. मुलांचं काम फक्त कळून घ्यायचं. हे अबोली ताई तुमच्यामुळे लक्षात ठेवून बोलले.

दोन_वेण्या
फळा_खडू ताई, तुमचा खोडरबरवाला मुलगा वाचून थांबले. मी तशीच बसायचे.

माझी आई कचरा वेचायची. शाळेत 'आपले मदतनीस' असा तक्ता होता, पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, सफाई कामगार. आई त्या तक्त्यात नव्हती कारण ती कोणाकडे कामालाच नव्हती, उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा गोळा करून भंगारवाल्याला विकायची. वडील काय करतात, आई काय करते, हे लिहायचं असायचं तेव्हा मी 'घरकाम' लिहायचे. ती पुढे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत गेली, १९९३ मध्ये ती संघटना सुरू झालेली, ओळखपत्र मिळालं, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' संस्था आली तेव्हापासून दारोदार जाऊन कचरा घ्यायला लागली, गाडी मिळाली, कोट मिळाला. तेव्हा मी मोठी झाले होते.

आता माझी भाची ज्या शाळेत आहे तिथल्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी आईला वर्गात बोलावलं. आई घाबरली होती, मी काय बोलू म्हणाली. बाईंनी सांगितलं, बोलू नका, करून दाखवा. वर्गातल्या मुलांनी घरून एका दिवसाचा सुका कचरा आणला होता, तो सतरंजीवर ओतला. आईने न बघता, हाताने चुरगाळून आवाजावरून सांगितलं हे विकलं जातं, हे नाही जात. चिप्सचं पाकीट आणि दुधाची पिशवी दोन्ही प्लास्टिकच, पण दुधाच्या पिशवीला भाव आहे आणि चिप्सच्या चकचकीत पाकिटाला कोणी विचारत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका म्हणाली, ते बारके तुकडे हाताला येत नाहीत, गटारात जातात. मुलं अर्धा तास गप्प बसून बघत होती. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं का द्यायचं, काच वेगळी का द्यायची, तेही सांगितलं, हातावरचा कापल्याचा व्रण दाखवून. भाची सगळ्यांना सांगत होती, माझी आजी आहे.

ताई, तुमच्या वर्गातही अशी एखादी आई किंवा आजी असेल. आधी त्या मुलाला एकट्याला विचारा, चालेल का म्हणून. नाही म्हणाला तर सोडून द्या.

अबोली
दोन_वेण्या, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. वाचून झाल्यावर मी उठून घरातल्या डब्यातल्या दुधाच्या पिशव्या बघितल्या, सगळ्या कोपरा तोडलेल्या. मुलीला दाखवलं, आता ती पिशवी कापायला मला देतच नाहीये. माझं मघाचं म्हणणं मी मागे घेत नाही, रडणारी पृथ्वी नकोच, पण हे वेगळं आहे.

पर्वती_पायथा
झाडा-पक्ष्यांबद्दल कोणीच नाही लिहिलं अजून. वर्षभर एकच झाड, एवढंच करा. शाळेच्या दारातलं. पिंपळ असेल तर वसंतात तांबूस कोवळी पालवी येते, फळं आली की तांबट येतो, टुक टुक असा आवाज काढत, दिसत नाही पण ऐकू येतो, आणि मुलांना तो शोधायला फार आवडतं. गुलमोहर असेल तर सांगायचं की हा मादागास्करचा. रस्त्याकडेचा मोठा पसरलेला विलायती शिरीष दक्षिण अमेरिकेतून आलेला. बाहेरून आलेली झाडं वाईट असं मात्र शिकवू नका प्लीज, वर्गात बाहेरगावहून आलेल्यांची पोरं असतात. आणि कावळे! पावसाळ्याच्या आधी घरटं बांधताना तारेचे तुकडे नेतात, कोकीळ त्यातच अंडी घालते, हे शहरात गॅलरीतून दिसतं, जंगलात जावं लागत नाही.

भीमाकाठ
मी सोलापूरला प्राथमिक शिक्षिका. धागा सकाळपासून वाचतेय, एक राहिलंय ते लिहिते.

फळा_खडू ताई, तुमच्या मुलांना ओढा पुढे कुठे जातो हे सांगितलंत का? आंबिल ओढा मुठेला मिळतो, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमेवर आमचं उजनी. उजनीचं पाणी पाइपलाइनने सोलापुरात येतं. आमच्या वर्गातली मुलं ते पितात. उजनीच्या खाली पंढरपूर. तुमच्या मुलांच्या घरून कोणी वारीला जात असेल, चंद्रभागेत स्नान करत असेल, ती चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे तुमच्या शाळेमागचं पाणी, अरबी समुद्र इतका जवळ असून, उलट्या बाजूला सगळा देश ओलांडून जातं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस कोणता हे माझ्या पहिलीच्या मुलांनाही वारासारखं पाठ असतं. पाणी साठवणं, झाकणं, जपणं हे त्यांना शिकवावं लागत नाही. पण ते येतं कुठून याच्या पलीकडे, उजनीत कुठून येतं, हे मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या आणि माझ्या वर्गाने एकमेकांना पत्रं लिहायची का? साधी पोस्टकार्डं.

जुना_व्हॉल्व्ह
भीमाकाठ ताई, फार मोलाचं लिहिलंत. मुलांना घाबरवू नका म्हणून एक जोड देतो, उजनीतून आलेलं पाणीही शुद्धीकरण होऊनच नळाला येतं, तेच तुरटी, फिल्टर, क्लोरीन. पण वरून जेवढं घाण येईल तेवढं खालच्या केंद्राला काम जास्त आणि खर्च जास्त, हे चौथीच्या मुलाला कळतं. तुम्ही दोघी पत्रांचं कराच. पोस्टकार्डं माझ्याकडून.

फळा_खडू
सगळ्यांना अपडेट. काल शनिवारी पुलावर गेलो, ३८ मुलं, चार पालक. खोडरबरवाल्याची आजी आपणहून आली. तिने २०१९ च्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं ती भिंतीवरची जागा हाताने दाखवली, मुलांनी तिथे हात लावून बघितला, बहुतेकांच्या डोक्याच्या वर होती. पुलावर खडूने बाण काढला आणि लिहिलं, 'आंबिल ओढा, पुढे मुठा, पुढे उजनी, पुढे पंढरपूर'. एक मुलगी म्हणाली माझे आजोबा पंढरपूरचे, आणि मग निम्म्या वर्गाला आपापली गावं आठवली, करमाळा, इंदापूर, माढा, सगळी त्याच पाण्याच्या आसपासची. परत आल्यावर पोस्टकार्डं लिहिली. बहुतेकांनी 'तुम्ही कसे आहात, आम्ही मजेत आहोत' लिहिलंय, ते तसंच पाठवतेय, मी काही दुरुस्त केलं नाही, शुद्धलेखन पण नाही. व्हॉल्व्हमन काका पुढच्या शनिवारी येतायत.

भीमाकाठ
कार्डं मिळाली! काल वर्गात वाचली, प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं कार्ड मिळाल्यासारखं झालं होतं. उत्तरं टाकलीयेत, चार-पाच दिवसांत येतील. बहुतेक प्रश्न असे आहेत: तुमच्याकडे रोज पाणी येतं का, तुमच्या ओढ्यात मासे आहेत का, उजनीला रोहित पक्षी येतात ते तुमच्याकडून उडत येतात का. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिलीये, मी ती दोनदा वाचली: 'तुम्ही भांडी कशाने घासता?'

फळा_खडू
हे उद्या फळ्यावर लिहिते. उत्तर मुलं घरी विचारून आणतील, मग कळवते.